उतरवलेला गिअरबॉक्स

१

गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे आधी त्याच्यातलं तेल काढायचं. गॅब्रिएल काकांनी खालचा बोल्ट सोडला, पत्र्याचा डबा सरकवला आणि ट्रकखालून बाहेर येऊन ते हात पुसत बसले. तेल कधी घाई करत नाही. काळं, जळक्या वासाचं, मध्येच चकाकणारं तेल धार धरून पडत राहिलं. दात झिजले की त्यांचा चुरा तेलात उतरतो, त्याची ती चकाकी. जागृती स्टुलावर बसून बघत होती. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण गेले काही महिने बघण्यासारखं काय आणि न बघण्यासारखं काय, हे तिला कळेनासंच झालं होतं.

ट्रक मिलिटरीचा, लिलावातला. तिच्या नवऱ्याने, कल्पेशने, तो घेऊन मागे क्रेन बसवली होती आणि वरून पिवळा रंग मारला होता, तरी कुठे खरचटलं की आतला हिरवा वर यायचा. वसई-भिवंडी रस्त्यावर कंटेनर कलंडला, टेम्पो गटारात गेला, की लोक कल्पेशला फोन लावायचे आणि कल्पेश हे धूड घेऊन निघायचा. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी असाच फोन आला. तो गेला आणि परत आला नाही.

ट्रक आला. म्हणजे आणला. मिठागरांच्या बांधावर उभा सापडला, जिथे ट्रक न्यायचं काही कारणच नव्हतं. दार उघडं, इंजिन चालू, माणूस नाही. खाडी ढवळून झाली, चौकीच्या चकरा मारून झाल्या, देवाला कौल लावून झाला. शेजारपाजारच्या बाया रोज येऊन बसायच्या, जागृती आता रडेल, मग रडेल म्हणून. ती काही रडली नाही. शेवटी त्याही कंटाळल्या आणि आपापल्या घरी जाऊन तिच्याविषयी बोलू लागल्या.

आता ट्रक विकायचा होता. घेणारा भिवंडीकडचा होता आणि त्याची अट एकच: झिजलेला गिअरबॉक्स बदलून द्यायचा. म्हणून जागृती कामणला, गोदामांच्या मागे असलेल्या या पत्र्याच्या गॅरेजात बसली होती.

"उतरला का हा, की निम्मं काम झालं," गॅब्रिएल काका म्हणाले. ते वसईजवळच्या सांडोरचे. या ट्रकचं प्रत्येक दुखणं त्यांच्याच हातून गेलेलं. "दुसरा गिअर सटकतो ना अजून?"

"सटकायचा. लिव्हरला गुडघा लावून बसायचा तो."

"बसायचा" हा शब्द तिने सहज वापरला. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिला मात्र काही वाटलं नाही.

२

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. साखळीच्या पुलीने उचलून त्यांनी तो शेडमध्ये आणला आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. ट्रक बाहेर अंगणात, शेडकडे पाठ करून उभा राहिला. मधला दांडा सोडलेला, चाकं टेकवून मागेपुढे दगड लावलेले. त्याच्या पोटात आता भोक होतं आणि त्यातून पलीकडचं गवत दिसत होतं.

गॅब्रिएल काकांकडे एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याने ते स्क्रू पिळत नसत, ऐकत असत. टोक चालत्या यंत्राला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. कुठला बेअरिंग कुरकुरतो, कुठला दात खातो, सगळं हाडातून कळतं म्हणे. सगळे जुने मिस्त्री हेच करतात. पण ते चालत्या गाडीला. उतरवलेल्या गिअरबॉक्सला कोणी लावत नाही. काकांनी लावला तो निव्वळ हाताची सवय म्हणून, गप्पा मारता मारता, देवळासमोरून जाताना एखाद्याचा हात छातीशी जावा तसा.

गप्पा मध्येच थांबल्या.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पुसलं, पुन्हा लावला. मग उठून बाहेर गेले, रस्त्याकडे बघून आले. अंगणातल्या ट्रकचं बोनेट उघडून आत डोकावले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. कामाचा घाम त्यांना असा येत नसे.

"काय झालं काका?"

"काय नाय. रोडचा आवाज येतो." ते म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी टेबलावर ठेवला नाही, तर खाली, गोणपाटाखाली सरकवून दिला.

३

काका चहा सांगायला गेले तेव्हा जागृतीने तो काढला. उत्सुकता वगैरे काही नव्हती. एखाद्याने वस्तू लपवली की आपण ती बघतो, इतकंच.

टोक लोखंडावर ठेवलं, मूठ कानामागे दाबली. आधी नुसतं आपलंच रक्त ऐकू आलं. मग त्याच्या मागे काहीतरी फिरत असल्याचा आवाज आला. घरघर. ती जरा चढली, थांबली. पोकळी. त्या पोकळीत इंजिनचा एक छोटा हुंकार, मग दुसरा. मग दातात दात बसल्याचा खट्‌ आवाज, आणि घरघर पुन्हा सुरू झाली, जड होऊन, खालच्या सुरात.

या जुन्या गाड्यांचा गिअर एका क्लचमध्ये पडत नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रलला आणायचं, सोडायचा, पायाने इंजिन उठवायचं, परत दाबायचा, मग गिअर. जो तो ड्रायव्हर हे आपल्या चालीने करतो. बहुतेक लोक एकदा इंजिन उठवतात. कल्पेश दोनदा उठवायचा, एक लहान आणि एक त्याहून लहान, जणू आधी गिअरची परवानगी मागतोय आणि मग आभार मानतोय. त्यावरून ती त्याला चिडवायची. नाक्यावर गाडी वळली की स्वयंपाकघरात तिला कळायचं आणि ती भात उतरवायची.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ठोकळ्यांवरचं लोखंड गप्प पडलं होतं. त्यावर एक मुंगी फिरत होती.

काका चहा घेऊन आले. तिने चहा घेतला, पाव बुडवून खाल्ला. काकांनी गोणपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ऐकलंस?"

"त्याचाच हात आहे," ती म्हणाली. "तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला आत्ता."

काकांनी कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवला. चहा तसाच गार होऊ दिला.

४

गॅब्रिएल काका भाबडे नव्हते. आवाज आहे म्हणजे त्याला कारण आहे, हे त्यांचं जन्मभराचं गणित. रस्त्यावरून कंटेनर जातात, जमीन थरथरते, ती थरथर ठोकळ्यातून चढते, ते म्हणाले. म्हणून त्यांनी गिअरबॉक्स जुन्या टायरांवर ठेवला. रबर थरथर खाऊन टाकतं. आवाज आला. मग त्यांनी तो साखळीने वर उचलला आणि अधांतरी टांगला. लोखंडाचं ते गाठोडं हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिलं. जागृतीने त्याच्याबरोबर गोल फिरत कान लावला. आवाज आला.

"साखळीतनं येत असंल," काका म्हणाले. पण हे बोलताना ते साखळीकडे बघत नव्हते.

शेवटी त्यांनी वरचं झाकण उघडलं. आत सगळे दात स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या गिअरचे तर झिजून गोल झालेले, म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे. काही म्हणजे काही हलत नव्हतं. जागृतीने बोट आत घालून दुसऱ्या गिअरच्या दातांवर ठेवलं. थंड, तेलकट, स्थिर. आणि दुसऱ्या हाताने मूठ कानामागे धरली तर त्याच दुसऱ्या गिअरवर कल्पेश चढ चढत होता.

चढच. आता तिला ते लक्षात आलं होतं. पहिल्यांदा ऐकल्यापासून एकदाही वरचा गिअर पडला नव्हता. दुसरा, कधी सटकून मोकळा व्हायचा, परत दुसरा, मग बराच वेळ पहिला. एवढा लांब चढ या भागात कुठे नाही. कामणच्या डोंगरात नाही, घाटातही नाही. दिवाळीपासून तो चढत असला तर कुठवर पोचला असेल, याचा तिने विचार करून पाहिला. विचार पुढे गेला नाही. बधिर झालेल्या पायावर उभं राहावं तसं झालं, पाय आहे पण आपला नाही.

"बाय, ऐक माझं," काका झाकण लावत म्हणाले. "उद्या भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू. नवा बसवतो, गाडी जाऊ दे. मी चर्चमदी मेणबत्ती लावतो त्याच्या नावाची. असलं ऐकत बसायचं नसतं."

"भंगारवाला काय करेल याचं?"

"तोडतील. भट्टीत घालतील."

"आणि मग तो?"

काकांनी कपबशा गोळा केल्या.

५

घरी सासूबाई, बायजा, ओट्यावर बसल्या होत्या. त्या गेले कितीतरी महिने तिथेच बसत. मुलगा मेला हे त्यांना मान्य नव्हतं आणि कोणी तसं बोललं तर त्या त्याला उंबरा चढू देत नसत. जागृतीचं मंगळसूत्र, कुंकू, हिरव्या बांगड्या, सगळं त्यांच्या धाकाने जागच्या जागी होतं. ती विधवा नव्हती. मग कोण होती, ते मात्र सासूबाईही सांगू शकत नव्हत्या.

"गारी इकलीस काय गो?"

"नाही अजून. इंजिनचं काम चाललंय."

"नको इकू. तो येल तवा कशात बसंल?" बायजा म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जागृतीकडे न बघता, "माना काय कलत नाय असं नाय. पर बॉडी गावली नाय. बॉडी गावत नाय तवर आवशीनं दार लावायचं नसतं."

पोळ्या लाटताना जागृतीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती. तो कुठेतरी आहे, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. निदान भीती तरी. तिला दोन्ही होत नव्हतं. फक्त एवढंच वाटत होतं की उद्या तो आवाज भंगारात जायला नको. तो जिकडे चाललाय तिकडे तिला जाता येणार नव्हतं. पण तो परत आला, तर त्याला यायला दुसरी वाट कुठली होती?

६

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. भंगारवाल्याला तिने स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. काकांनी मान हलवली. ते शेडमध्ये शिरतच नव्हते. नवा गिअरबॉक्स, म्हणजे दुसऱ्या एका मोडीत गेलेल्या मिलिटरी ट्रकचा, त्यांनी अंगणातच कडुलिंबाखाली उघडून ठेवला होता आणि तिथेच धूत, पुसत, वंगण लावत बसले होते. दुपारी त्यांना दोन बोल्ट कमी पडले. "नाक्यावर जाऊन येतो. तू पण बाहेर बस," एवढं सांगून ते गेले.

ती बाहेर बसली नाही. गिअरबॉक्स परत ठोकळ्यांवर होता. तिने मांडी घातली, मूठ कानामागे लावली.

पहिला गिअर. घरघर इतकी मंद झाली होती की प्रत्येक दात वेगळा मोजता आला असता. मग तीही थांबली. इंजिन नुसतं धुगधुगत राहिलं. तो कुठेतरी पोचला होता. काय होतं तिथे? तिने श्वास रोखून ऐकलं. वारा नाही, माणसं नाहीत, काही नाही. थांबलेल्या गाडीत बसून राहिलेला माणूस जसा काही करत नाही, तसा तो काही करत नव्हता. ते फार वेळ चाललं.

तिला वाटलं, आता तो इंजिन बंद करणार. आणि ते बंद झालं की संपलं.

"कल्पेश," ती त्या लोखंडाला म्हणाली. मोठ्याने नाही. जेवायला हाक मारावी तेवढ्याच आवाजात. "ये ना रे."

एक लहान हुंकार. त्याहून लहान दुसरा. दातावर दात घासल्याची लांबलचक करकर झाली. आणि मग एक असा आवाज सुरू झाला जो दोन दिवसांत तिने ऐकला नव्हता. बारीक, ओढलेला, वर वर चढत जाणारा, रडक्या मुलासारखा. तो कशाचा हे ओळखायला तिला मिस्त्री व्हायची गरज नव्हती. गाडी रिव्हर्सला पडली होती.

तो वळला नव्हता. बहुधा तिथे वळायला जागा नसावी. पण तो मागे येत होता, जिथून गेला होता तिकडे, तिच्याकडे. जागृतीच्या छातीत काहीतरी असं जोराने उसळलं की तिला आधी तो आनंद आहे हे समजलंच नाही. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदा काही झालं होतं.

७

आवाज वाढत गेला. कधीतरी तिच्या लक्षात आलं की मूठ कानापासून दूर, मांडीवर आहे आणि आवाज तरीही येतो आहे. पत्रे झिणझिणत होते. टेबलावरचे पाने एकमेकांवर वाजत होते. ती उठून शेडच्या दारात आली.

अंगणात रणरणतं ऊन होतं. ट्रक तिथेच, पाठ करून उभा. चाकांना लावलेले दगड जिथल्या तिथे होते, हे तिने नीट पाहिलं. पोटातलं भोकही तसंच होतं. आणि तरी क्रेनचा आकडा, जो मघाशी कडुलिंबाच्या सावलीत होता, तो आता सावलीच्या अलीकडे, उन्हात लोंबत होता. तिने डोळे मिटून उघडले. आकडा आणखी अलीकडे आला होता.

मागे येणाऱ्या गाडीच्या पाठीमागे कोणीतरी उभं राहावं लागतं. गल्लीबोळातल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्या घराजवळची वाट इतकी अरुंद की कल्पेश रोज मागे मागेच अंगणात यायचा आणि रोज ती मागे उभी राहायची. ट्रकला आरसे होते ते कधीच फुटले. तो तिच्या आवाजावर यायचा. ती म्हणेल तोवर यायचा, आणि ती थांब म्हणाली की थांबायचा, मग बोटभरही पुढे नाही.

तिने हात वर केला. आवाज आपोआप निघाला.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे."

रिव्हर्सची ती किंकाळी तिच्या शब्दांबरोबर सरकू लागली. उंबऱ्यावर आकड्याची सावली पडली. डिझेलचा वास आला, आणि त्याखाली चिखलाचा, ओहोटीच्या खाडीचा.

"येऊ दे. जरा डावीकडे. हां. येऊ दे."

तेव्हा तिला तो दिसला. ड्रायव्हरच्या खिडकीतून कोपर बाहेर होतं, ओल्या बाहीचं. आणि खांद्यापर्यंत बाहेर काढलेलं डोकं. मागे घेताना माणूस असाच वाकतो, बाहेर डोकं काढून मागे बघतो. पण तिला त्याचा चेहरा दिसेना. तिला मानच दिसत होती. केस पाण्याने मानेला चिकटलेले, कानामागे चिखल. एवढं वाकूनसुद्धा तो पुढेच बघत होता, जिथे जाऊन पोचला होता तिकडे, आणि मागे येत होता तो निव्वळ तिच्या भरवशावर.

"येऊ दे," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरला.

तो थरथरणारा आवाज त्याने ऐकला असावा. कल्पेश असाच होता, तिच्या आवाजात जरा काही कमी-जास्त झालं की काय झालं म्हणून वळून बघायचा. ती ओली मान हलली. कानाची कड दिसली. मग गालाचं हाड, किंवा जिथे गाल असायला हवा ती जागा.

"बास!" जागृती ओरडली. "बास, बास, बास!"

आणि हाताला जे लागलं त्यावर, पत्र्याच्या दारावर, तिने तळव्याने दोनदा थापटलं.

आवाज थांबला.

पुसट झाला नाही, लांब गेला नाही. तिने सांगितलं तिथे थांबला. पत्रे गप्प झाले. ट्रक आपल्या जागी होता, आकडा कडुलिंबाच्या सावलीत. खिडकीत कोणी नव्हतं. जागृती धावत आत गेली, स्क्रू-ड्रायव्हर लोखंडाला लावला, मूठ हाडात रुतेपर्यंत दाबली. इंजिन नव्हतं, रस्ता नव्हता, स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येत नव्हतं. तिने झाकणाच्या कडेला टेकवला, तळाला टेकवला, दुसऱ्या गिअरच्या बाजूला टेकवला. मग तिला कळलं की आपण काय केलं, आणि ती रडू लागली. तोंड उघडं टाकून, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, लाज सोडून रडली. तो इतका जवळ आला होता. त्याने तिचं ऐकलं होतं, नेहमीसारखं.

गॅब्रिएल काका बोल्ट घेऊन परतले तेव्हा त्यांना गल्लीतूनच तिची हाक ऐकू आली. गाडी मागे घेत असतील, म्हणून धंद्याच्या रीतीप्रमाणे ते आधी थांबले, वाटेतलं रिकामं पिंप पायाने बाजूला सारलं आणि भिंतीला अंग चोरून उभे राहिले. कोणतीच गाडी आली नाही. मग त्यांनी कोपऱ्यावरून डोकावून पाहिलं.

जागृती अंगणाच्या मधोमध, उघड्या उन्हात, हात वर करून उभी होती. चेहरा सुजलेला. समोर जागचा न हललेला ट्रक होता, दुसरं काही नव्हतं.

"येऊ दे," ती म्हणत होती. "येऊ दे रे. अजून खूप जागा आहे."